जायचं की राहायचं

“डेलबर्टला सांग, या खेपेला मी घरी राहतोय. म्हणावं, तू जा. फोनवर नको सांगूस. कुंपणापाशी जाऊन सांग.”

ऑर्लिनने हे सांगितलं तेव्हा मका अजून हिरवा होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याची जीभ जड झाली होती. वसंतात शेतातला दगड उचलून बांधावर ठेवावा, तसा एकेक शब्द तो उचलून ठेवायचा. व्हर्ना त्याच्या पायाशी बसून बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “सांगेन.”

“नक्की?”

“सांगेन म्हटलं ना.”

आणि सांगायचं राहिलं. आज जाईन, उद्या जाईन असं करता करता मका पिवळा पडला, मग करडा झाला. ऑक्टोबरात एका सकाळी ती गोठ्यातून दूध काढून आली, तर ऑर्लिन खिडकीपाशी खुर्चीत तसाच बसलेला. तोंड डेलबर्टच्या शेताकडे, डावा हात उजव्या हातावर. कॉफी निवली होती.

तो गेल्यावरही व्हर्नाचा नेम चुकला नाही. पहाटे उठून दिवा लावायचा, एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं, शेजारच्या एका घराचं नाव घेऊन प्रार्थना करायची आणि मग गोठ्यात जायचं. शेवटच्या गाईचं दूध निघेपर्यंत तोंडात घास नाही. वारांप्रमाणे घरं ठरलेली होती. मंगळवार डेलबर्टचा. आठ वर्षं दर मंगळवारी तिने देवापाशी डेलबर्टचं नाव घेतलं होतं, आणि आठ वर्षांत त्याच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं.

दोघांची शेतं लागून होती. मध्ये तारेचं कुंपण, कुंपणात ओकचा एक जुना जाड खांब. ऑर्लिनचं घर बापाच्या काळापासून डेमोक्रॅट. डेलबर्टचं घर लिंकनपासून रिपब्लिकन, असं तो स्वतःच छाती काढून सांगायचा. तरुणपणी एका ओल्या वर्षी, मका चिखलात उभा असताना, दोघांनी त्या खांबापाशी एक ठराव केला. तुझं मत माझ्या मताला खातं, माझं तुझ्याला. मग दोघांनी दिवस कशाला मोडायचा? दोघेही घरी राहू आणि मका काढू. दोघांनी हातमोजे काढले आणि हातात हात दिला.

तेव्हापासून राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा मंगळवार उजाडला, की सकाळचं दूध झाल्यावर दोघे खांबापाशी यायचे. एकाने विचारायचं, “जायचं की राहायचं?” हवा कोरडी असली तर दोघे एकाच गाडीत बसून मतदानाच्या हॉलवर जायचे, वाटभर भांडायचे, मतं टाकून, फळांचं सारण भरून भट्टीत भाजलेला ‘पाय’ खाऊन यायचे. ओल असली तर दोघे राहायचे. एकट्याने कधी जायचं नाही. गावाला हे ठाऊक होतं. लोक हसायचे आणि वर मानायचेही.

या ठरावात व्हर्नाचं मत कुणी धरलंच नव्हतं. ती मतदानाच्या दिवशी चर्चच्या बायकांबरोबर हॉलवर पाय विकायला बसायची. हॉल म्हणजे बर्फ सारायच्या यंत्राची पत्र्याची शेड. यंत्र बाहेर काढायचं, आत चार टेबलं मांडायची. मधेच उठून ती आपलं मत टाकून यायची. कुणाला टाकलं हे ऑर्लिनने तिला कधी विचारलं नाही. तिनेही कधी सांगितलं नाही.

रिपब्लिकनांचा तो लाल टोपीवाला पहिल्यांदा उभा राहिला, तो शरदही तसाच ओला होता. तीन पिढ्या यांचं दूध नेणाऱ्या डेअरीने त्या वर्षी छोट्या गोठ्यांचं दूध बंद केलं. दुसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत ऑर्लिनने दूध शेतात ओतलं. नळी धरून उभा राहायचा आणि पांढरं पाणी मातीत जिरताना बघायचा. शिकागोच्या त्या सडपातळ तरुणाला त्याने दोन्ही खेपा मत दिलं होतं, मोठ्या आशेने दिलं होतं. आता जेवताना एकदाच म्हणाला, “कुणीतरी येऊन एकदा सगळं मोडायला पाहिजे.” व्हर्नाने त्याच्या ताटात बटाटे वाढले.

मंगळवारी खांबापाशी त्यानेच डेलबर्टला म्हटलं, “राहायचं?” डेलबर्टने लगेच हातमोजा काढला. दोघे मक्याला लागले. दुपारी कणसं तोडायच्या यंत्राची एक खीळ तुटली. ऑर्लिन खीळ आणायला म्हणून गेला.

व्हर्ना पायच्या टेबलामागे होती. दार उघडलं आणि ऑर्लिन आत आला. कपड्यांना चिखल, मुठीत नवी खीळ. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने सुरीने पाय कापायला घेतला. तो पडद्याआड गेला, बाहेर आला आणि कॉफीही न घेता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी डेलबर्ट खीळ आवळायला घेतलेला लोखंडी पान्हा परत द्यायला दूधखोलीशी आला. हॉलवरच्या बायकांपैकी कुणीतरी बोललं होतं. त्याने सरळ विचारलं, “व्हर्ना, ऑर्लिन काल हॉलवर आला होता का?”

तिने आयुष्यात खोटं बोलायचं नाही, असाही एक नेम धरला होता. ती म्हणाली, “हो.”

डेलबर्टने पान्हा टाकीच्या झाकणावर हलकेच ठेवला आणि गेला.

ऑर्लिनने त्यानंतर डेलबर्टला गाठून पुष्कळ सांगायचा प्रयत्न केला. “अरे, मी तुझ्याच माणसाला दिलं! तुझं एका मताचंही नुकसान नाही केलं, उलट भरच घातली. मग ठराव मोडला कुठे?” त्याला मनापासून असंच वाटत होतं. डेलबर्ट ट्रॅक्टर बंद न करताच म्हणाला, “तू हात दिला होतास.” मग गिअर टाकून निघून गेला.

चार वर्षांनी दोघे मतदानाला गेले, पण वेगवेगळ्या गाड्यांतून, वेगवेगळ्या वेळी. त्या खेपेला ऑर्लिन पुन्हा आपल्या जुन्या पक्षाकडे परतला होता. “मोडलं खरं, पण काही जुळलं नाही,” असं म्हणायचा. गावात त्याचं नाव पडलं कोंबडा. गोठ्याच्या छपरावर वाऱ्याबरोबर फिरणारा पत्र्याचा कोंबडा असतो ना, तो. दूध न्यायला येणारा गॉर्डी टँकरमधून उतरतानाच विचारायचा, “काय ऑर्लिन, आज वारा कुठला?” ऑर्लिन हसायचा. रात्री कुशीवर वळून बराच वेळ जागा असायचा.

मत कुणाला दिलं याचं त्याला फारसं काही वाटत नसे. हाताचं वाटायचं. आणि झटक्याने नेला तोही नेमका उजवा हात.

आता त्याचा निरोप डेलबर्टला सांगायचा, एवढीच सोपी गोष्ट होती, आणि ती करणारी उरली होती फक्त व्हर्ना. तिलाच जमत नव्हतं. कुंपणापाशी गेलं की डेलबर्ट तिच्याकडे बघणार आणि तिला तो पान्हा आठवणार. तिच्या एका ‘हो’ने एवढी जुनी दोस्ती मोडली होती.

दफनानंतर मुलगी ब्रिटा मिनियापोलिसहून येऊन राहिली होती. पहाटे ती आईबरोबर गोठ्यात यायची, पण तिच्या हातांची सवय सुटलेली. गाईच्या सडांना यंत्राचे कप लावताना ती दचकायची. व्हर्नाची मनगटं सुजलेली असत. ती एका गाईखालून उठताना दुसरीच्या पाठीचा आधार घ्यायची, आणि गाय न हलता उभी राहायची.

“आई, तुझ्याच्याने आता होणार नाही.”

“होतंय की.”

“गुरुवारी गाई न्यायला ट्रक येतोय. तू हो म्हणालीयेस.”

“म्हणालेय ना. मग पुन्हा पुन्हा काय विचारतेस?” व्हर्नाने ओल्या फडक्याने कास पुसली. “गुरुवारपर्यंत तरी यांचं दूध मलाच काढू दे.”

शनिवारी गाव मका काढायला आलं. घरचा माणूस गेला आणि पीक उभं असलं, तर शेजाऱ्यांनी एक दिवस येऊन ते काढून द्यायचं, ही तिथली रीत. सकाळीच मोठाली यंत्रं रस्त्याला लागली. कुणाच्या गाडीवर रिपब्लिकनांची लाल पाटी, कुणाच्या डेमोक्रॅटांची निळी. शेतात शिरताना मात्र सगळे एकाच रांगेत. थंडीने मक्याची पानं कागदासारखी वाजत होती.

डेलबर्टही आला. आपलं जुनं, दोनच ओळी घेणारं यंत्र घेऊन आला आणि कुणाशी न बोलता कुंपणालगतच्या ओळींना लागला. जिथे मोठी यंत्रं वळत नाहीत, तिथे.

दुपारी गाडीची मागची फळी पाडून व्हर्नाने त्यावर जेवण मांडलं. हॅमचे पाव, चीज घातलेले बटाटे, मोठ्या किटलीत कॉफी. पुरुष टोप्या मागे सारून उभ्याउभ्या खात होते.

“या मंगळवारी कुणाकुणाचे दात पडतात बघू,” एक जण म्हणाला.

“तुझे आधीच पडलेत.”

हसणं झालं. गॉर्डी तोंडात घास ठेवूनच म्हणाला, “मला एक सांगा, ऑर्लिन असता तर या खेपेला कुठे गेला असता? मी तर पैजच लावणार होतो.”

“कोंबड्याला विचार! तो बघ वर आहे.”

सगळ्यांच्या माना छपराकडे गेल्या. पत्र्याचा कोंबडा वाऱ्यावर कुरकुरत होता. कुणी हसलं, कुणी हसू दाबलं. ब्रिटाने पावांची परात फळीवर आदळली. व्हर्ना कॉफी ओततच राहिली. पेला भरून तिच्या बोटांवर सांडली तेव्हा तिला कळलं.

“गॉर्डी.” डेलबर्टचा आवाज मागून आला. तो केव्हा आला होता कुणी पाहिलं नव्हतं. “माणूस वर हजेरी द्यायला गेला. आता त्याचं मत तुला कशाला पाहिजे?”

“अरे, गमतीने म्हटलं मी.”

“जेव मग गमतीने.”

डेलबर्ट पाव न घेताच परत आपल्या ओळींकडे चालू लागला. व्हर्नाने दोन पाव फडक्यात बांधले, कॉफीचा पेला घेतला आणि त्याच्यामागे निघाली. सांगायचं असेल तर आत्ताच, असं तिने मनाशी म्हटलं. पायांखाली मक्याचे खुंट मोडत होते.

तो ओकच्या खांबाला टेकून उभा होता. तिने पेला पुढे केला. त्याने घेतला.

“आठ वर्षांनी तुझी कॉफी,” तो म्हणाला. “अजून पातळच करतेस.”

“ऑर्लिनला पातळ लागायची.”

“त्याला काही कळायचं नाही.” त्याने एक घोट घेतला, मग दुसरा. “व्हर्ना, तुला एक ठाऊक नाहीये. कुणालाच नाहीये. त्या वर्षी मी हॉलवर गेलो असतो ना, तर मत तुमच्या बाजूला टाकून आलो असतो.”

तिला आधी कळेचना.

“त्या लाल टोपीवाल्याचं बोलणं ऐकलंस ना? आमच्या आईने असल्या बोलण्यावर आमचं तोंड साबणाने धुतलं असतं. पण स्वतःच्या हाताने दुसऱ्या पक्षापुढे खूण करायची म्हणजे... आजोबा, बाप, सगळे उठून बसले असते कबरीत. ऑर्लिन राहायचं म्हणाला, तेव्हा मला इतकं सुटल्यासारखं झालं! चटकन हात दिला. म्हणजे बघ, तोही लपवत होता आणि मीही. तो पळून गेला म्हणून मी त्याच्यावर चिडलो. खरं म्हणजे त्याने धीर केला, मी नाही केला, म्हणून चिडलो.”

“त्याला हे सांगायचं होतंस.”

“आठ वर्षं रोज सांगणार होतो.” त्याने उरलेली कॉफी जमिनीवर टाकली. “तू तेवढी खरं बोललीस. आम्हा तिघांत एकटी तू.”

तू म्हणतोस तशी मी नाही, तुझ्यासाठीचा एक निरोप उन्हाळ्यापासून माझ्या पदरात पडून आहे, हे व्हर्नाच्या ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात खालून गॉर्डी हात हलवत ओरडला, “डेलबर्ट! तुझा मक्याचा डबा भरलाय, गाडी मागे घे!” डेलबर्टने पेला तिच्या हातात दिला आणि यंत्रावर चढला. संध्याकाळी सगळे गेले. शेत मोकळं झालं. खिडकीतून डेलबर्टचं घर आता पायऱ्यांसकट दिसू लागलं.

मंगळवार उजाडला. आभाळ खाली उतरलेलं, मधूनमधून बारीक बर्फाचा चुरा. व्हर्नाने स्तोत्र वाचलं, डेलबर्टचं नाव घेतलं. नाव घेताना शब्द अडकला, म्हणून पुन्हा घेतलं.

दूध काढून ती बादल्या धुवायला बाहेर आली, तेव्हा तो दिसला. डेलबर्ट त्या खांबापाशी उभा होता. टोपी हातात. तो गोठ्याकडे बघत होता. ऑर्लिन ज्या दारातून यायचा, त्या दाराकडे. बराच वेळ उभा राहिला. मग टोपी घातली आणि हळूहळू परत गेला.

“आई, काय बघतेस?” ब्रिटा पायची खोकी गाडीत ठेवत होती.

“काही नाही. तू हो पुढे. मला आज बरं वाटत नाहीये.”

“आणि मत?”

“बघू.”

ब्रिटा गेली. व्हर्नाने कोठीघर झाडलं. ऑर्लिनचे शर्ट घडी करून पेटीत घातले. एक बाहेर ठेवला, परत आत घातला. दर वेळी खिडकीजवळून जाताना तिची नजर पलीकडे जायची. डेलबर्टची गाडी अंगणात होती. टपावर पांढरा थर साचला होता. दुपार झाली, गाडी तिथेच. चाकांमागे एकही रेघ उमटलेली नाही.

दुपार कलल्यावर ब्रिटा परतली. गाल थंडीने लाल झाले होते. “तुझा सफरचंदाचा पाय सगळ्यांत आधी संपला. आणि सगळ्या बायका विचारत होत्या, डेलबर्ट आला नाही म्हणून. आजारी आहे का गं तो?”

“नाही.”

“मग? मागच्या खेपेला तर तो एकटाच आला होता म्हणाल्या.”

व्हर्ना खुर्चीत बसली. ऑर्लिनच्या. तिथून पलीकडचं घर नीट समोर येत होतं. स्वयंपाकघरात दिवा लागला होता, आणि टेबलाशी कुणीतरी बसलेलं होतं.

तिला सगळं कळलं. एक येऊ शकत नाही, म्हणून दुसरा राहिला होता. खांबापाशी सकाळी त्याने विचारलं असणार, जायचं की राहायचं, आणि कुणी उत्तर दिलं नसणार. त्या ओल्या वर्षी ऑर्लिनमुळे त्याचा मतदानाचा दिवस वाया गेला होता. आज तिच्यामुळे जात होता. ऑर्लिनने त्याला मोकळं केलं होतं. मोकळं करणारा शब्द तिच्यापाशी होता आणि ती शर्टांच्या घड्या करत बसली होती.

हॉल आठ वाजता बंद व्हायचा. बाहेर अंधारून येत होतं.

गोठ्यातून पहिली गाय हंबरली. मग दुसरी. दुधाची वेळ झाली होती. या घरात लग्न होऊन आल्यापासून व्हर्नाने ती वेळ कधी मोडली नव्हती. ब्रिटाच्या जन्माच्या दिवशी नाही, ऑर्लिनला मातीत ठेवलं त्या दिवशीही नाही.

ती उठली. खुंटीवरून ऑर्लिनचा जाड कोट काढला आणि अंगात घातला. बाह्या लांब होत होत्या, त्या दुमडल्या. टेबलावरून गाडीची किल्ली घेतली.

“आई? गाई ओरडतायत.”

“ऐकतेय मी. थोडं थांबू दे त्यांना.”

“पण तू चाललीस कुठे या थंडीत?”

“कुंपणापर्यंत. तिथून त्याला हाक मारते. मग बहुतेक आम्ही दोघं हॉलवर जाऊ. एकाच गाडीतून.”

ब्रिटाने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भिंतीला टांगलेला गोठ्यातला ॲप्रन उचलला आणि स्वतःच्या कमरेला बांधला.

व्हर्ना मागच्या दाराने निघाली. रान मोकळं होतं आणि खुंटांवर बर्फ पडून ते पांढरे दिसत होते. गाई हंबरत राहिल्या. छपरावर कोंबडा कुरकुरत वळला. तिने वर पाहिलं नाही. शब्द विसरू नयेत म्हणून ती ते तोंडातल्या तोंडात घोळवत होती: या खेपेला मी घरी राहतोय, म्हणावं, तू जा.

खांब दिसू लागला, तशी चालता चालता तिने उजव्या हाताचा मोजा काढला आणि कोटाच्या खिशात ठेवला.